झुकता बॉटलब्रश: ठाणे-नवी मुंबईच्या मातीत लावणी आणि जोपासना

रोपवाटिकेत ‘विपिंग’ म्हणून जी झाडे दाखवली जातात, म्हणजे ज्यांच्या फांद्या वर न जाता खाली लोंबतात, त्यांपैकी झुकता बॉटलब्रश हे ठाणे आणि नवी मुंबईच्या हवेत नवशिक्याने निर्धास्तपणे लावावे असे झाड आहे. ते लावणे अवघड नाही; अवघड आहे ते त्याला त्याचा आकार घेऊ देणे. सोसायट्यांच्या बागांमध्ये हे झाड सहसा दोनच कारणांनी वाया गेलेले मी पाहिले आहे. एक तर भरावाच्या मुरमात खणलेल्या खोल खड्ड्यात ते पहिल्याच पावसाळ्यात कुजते, आणि त्यातून वाचले तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी कोणीतरी त्याच्या लोंबत्या फांद्या खालून गोल कापून त्याची छत्री करून टाकते. म्हणून या लेखात खड्ड्याला आणि छाटणीला जास्त जागा दिली आहे. मधल्या काळात झाड बरेचसे स्वतःचे स्वतः सांभाळते.

हेच झाड का?

काश्मीरच्या सहलीहून परतलेल्या माणसाला पाण्याच्या काठी झुकलेला विलो आपल्या अंगणातही हवा असतो. परंतु विलो हे थंड प्रदेशातले झाड आहे. हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेणे हा त्याच्या जगण्याचा भाग आहे आणि आपल्याकडे जानेवारीच्या रात्रीही पारा क्वचितच १५ अंशांच्या खाली उतरतो. अशा हवेत तो रखडतो, म्हणून त्याचा नाद सोडलेला बरा. ‘विपिंग फायकस’ म्हणजे बेंजामिना कुंडीत शोभतो, पण जमिनीत उतरला की वडाच्या कुळाचा गुण दाखवतो आणि त्याची मुळे ड्रेनेजच्या पाइपांपर्यंत व कुंपणाच्या भिंतीपर्यंत पोहोचतात. कुंपणालगत रांगेने लावतात तो खोटा अशोक, म्हणजेच आसुपालव, अरुंद जागेसाठी चांगला आहे. मात्र त्याची फुले हिरवट असल्यामुळे पानांत लपतात. उर्वशीचे लाल झुंबर या सर्वांहून देखणे असते, पण म्यानमारकडचे हे झाड हळू वाढते, लाड करून घेते आणि त्याचे रोपही सहज हाती लागत नाही. पहिले झाड म्हणून ते निवडू नये. देशी झाडच लावायचे असा आग्रह असेल तर तो योग्यच आहे, आणि अशा वेळी सीता अशोक लावावा. त्याची तांबूस कोवळी पाने मरगळल्यासारखी लोंबतात आणि अर्धवट सावलीही त्याला चालते.

बॉटलब्रश परदेशी आहे, हे मान्य करूनच पुढे जाऊ. पूर्व ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या भागांत तो ओढ्या-नद्यांच्या काठी वाढतो. त्याचे शास्त्रीय नाव कॅलिस्टेमॉन विमिनॅलिस. आता काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला मेलाल्युका या वंशात धरतात. ‘कॅलिस्टेमॉन’ म्हणजे ग्रीक भाषेत सुंदर पुंकेसर, आणि ‘विमिनॅलिस’ हे लॅटिन विशेषण टोपल्या विणायच्या लवचीक फोकांवरून आलेले आहे. दोन्ही नावे नेमकी आहेत, कारण बाटली धुण्याच्या ब्रशासारखे जे लाल दिसते ते पाकळ्यांचे नसून पुंकेसरांचे असते. जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरी ही त्याची भावंडे. त्याचे पान बोटांत चुरगळले की निलगिरीच्या जातकुळीचा तेलकट सुगंध येतो.

आपल्याकडे हे झाड साधारण १५ ते २० फूट उंच होते आणि त्याचा घेर १० ते १५ फुटांपर्यंत जातो. मुख्य बहर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा थोडी तुरळक फुले दिसतात. बहर आला की शिंजीर, बुलबुल आणि चष्मेवाले सकाळपासून फांद्यांना उलटे लटकलेले दिसतात.

जागा ठरवताना

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन ही पहिली अट आहे. दोन उंच इमारतींमधल्या पट्ट्यात, जिथे ऊन फक्त दुपारी बारा ते दोन या वेळात उतरते, तिथे झाड जगेल, पण फांद्या उजेडाच्या दिशेने लांबट आणि विरळ होतील व फुले नावालाच येतील. घोडबंदर रस्त्यालगतच्या अनेक संकुलांत ही अडचण आहे. म्हणून जागा ठरवण्यापूर्वी एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि दुपारी तीन वाजता सावली कुठे पडते ते प्रत्यक्ष पाहावे. शक्य झाल्यास ही पाहणी डिसेंबरमध्येही करावी, कारण त्या वेळी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि इमारतींच्या सावल्या लांब पडतात.

भिंत, इमारत किंवा कुंपण यांच्यापासून किमान आठ ते दहा फूट अंतर सोडावे. वरून विजेची तार जात असेल तर ती जागा सोडूनच द्यावी. आणखी दोन गोष्टी बाग करणाऱ्यांच्या लक्षात उशिरा येतात. बहरात मधमाश्या मोठ्या संख्येने येतात, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागेला किंवा शयनगृहाच्या खिडकीला झाड चिकटून असू नये. आणि बहर ओसरताना लाल केसरांचा सडा पडतो, तो वाहनतळावर पडला तर सोसायटीच्या सभेत विषय निघतो. आमच्याकडे तो निघाला होता.

खाडीलगतच्या भागांचा वेगळा विचार करावा लागतो. नवी मुंबईचा बराच भाग शेते, मिठागरे आणि खाडीकाठची दलदल यांवर भराव घालून उभा राहिला आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर हे काम सुरू झाले. अशा जमिनीत वरचे दोन-तीन फूट मुरूम, मधूनमधून बांधकामाचे राबिट आणि त्याखाली काळा, खारट चिखल असा थर अनेक ठिकाणी सापडतो. एप्रिल-मे महिन्यांत मातीवर मिठासारखा पांढरा पापुद्रा दिसत असेल तर ती क्षारांची खूण समजावी. बॉटलब्रश थोडा खारेपणा सहन करतो, परंतु लहान रोपाला तो झेपत नाही, म्हणून तिथे खड्ड्याऐवजी पुढे सांगितलेल्या उंचवट्याचाच मार्ग धरावा. येऊरच्या पायथ्याची तांबूस, निचऱ्याची माती ज्यांच्या वाट्याला आली आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

रोप निवडणे

रोप शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, फुलावर असताना पाहून ठेवावे किंवा विकत घ्यावे आणि जूनपर्यंत कुंडीतच सांभाळावे. याचे कारण असे की बॉटलब्रशच्या दोन जाती बाजारात एकाच नावाने विकल्या जातात. एका जातीच्या फांद्या ताठ असतात, पाने जरा रुंद व कडक असतात. ते झुडूप कितीही वर्षे वाढवले तरी झुकणार नाही. झुकत्या जातीची पाने अरुंद आणि मऊ असतात, आणि तीन-चार फुटांच्या रोपातही फांद्यांची टोके खाली वळलेली स्पष्ट दिसतात. विक्रेता ‘मोठे झाल्यावर झुकेल’ असे म्हणाला तर ते रोप घेऊ नये.

रोप कलमाचे आहे की बियांचे, हेही विचारावे. बियांपासून आलेली रोपे एकमेकांपासून वेगळी निघतात. त्यांतले एखादे भरपूर झुकते, तर एखादे उभेच राहते, आणि त्यांना फुले यायला चार-पाच वर्षे लागू शकतात. छाट कलमाचे, म्हणजे तोडलेल्या फांदीला मुळे फुटवून केलेले, रोप मूळ झाडासारखेच होते आणि लवकर फुलते.

चार ते पाच फुटांचे, एकच सरळ शेंडा असलेले रोप सर्वांत सोयीचे. त्याहून मोठे, दाट आणि फुलांनी लगडलेले रोप मोहात पाडते, पण ते पुष्कळदा लहान पिशवीत वर्षानुवर्षे अडकलेले असते. पिशवी थोडी उचलून तळ पाहावा. मुळे भोकांतून बाहेर येऊन जाड झाली असतील, किंवा पिशवीच्या आत गोल गोल फिरलेली दिसत असतील, तर ते झाड पुढेही तशाच गुंडाळलेल्या मुळांवर उभे राहते आणि एखाद्या जुलैच्या वादळात मुळापासून कलंडते.

खड्डा: खोल नको, रुंद हवा

बागकामाच्या पुस्तकांत ‘तीन फूट खोल खड्डा घ्या’ असे छापलेले असते. खोल काळ्या जमिनीत ते ठीक असेल. आपल्या मुरमात ते घातक आहे. ऐरोलीत मी लावलेले पहिले झाड याच सल्ल्याने गेले. पहारीचा प्रत्येक घाव मुरमावर आपटून ठणकत होता, दोन दिवस खणून आम्ही तीन फुटांचा चौकोनी खड्डा केला, आणि अभिमानाने त्यात गाळाची माती व शेणखत भरले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रोपाची पाने टोकाकडून तपकिरी होऊ लागली. झाड तहानलेले दिसत होते म्हणून मी पाऊस थांबलेल्या दिवशी त्याला वर दोन बादल्या पाणी घातले. शेवटी उपटून पाहिले तेव्हा मुळे काळी पडली होती, बोटांत धरली की त्यांची साल सुटून येत होती आणि हुंडीला, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याला, गटाराचा वास येत होता. मुरमाच्या भिंतींतून पाणी झिरपत नव्हते. आम्ही मेहनतीने एक हौद खणला होता आणि त्यात भुसभुशीत माती भरून झाड बुडवले होते.

म्हणून खणण्याआधी निचऱ्याची परीक्षा घ्यावी. दीड फूट खोल आणि एक फूट रुंद असा छोटा खड्डा घेऊन तो पाण्याने काठोकाठ भरावा, ते पाणी जिरले की पुन्हा भरावा, आणि दुसऱ्यांदा भरलेले पाणी किती वेळात उतरते ते पाहावे. चार-पाच तासांत उतरले तर जागा उत्तम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल तर तिथे खड्डा करूच नये.

निचरा चांगला असेल तिथे दीड ते दोन फूट खोल आणि तीन ते साडेतीन फूट रुंद खड्डा पुरेसा आहे. खोली फार तर हुंडीपेक्षा थोडी जास्त असावी, रुंदी मात्र तिच्या तिप्पट, कारण या झाडाची बहुतेक मुळे वरच्या थरात आडवी पसरतात. खड्ड्याच्या गुळगुळीत झालेल्या भिंती पहारीने खरवडून खडबडीत कराव्यात, म्हणजे मुळांना बाहेर शिरायला वाट मिळते. निघालेल्या मातीतले राबिट, सिमेंटचे गोळे आणि चुन्याचे तुकडे वेचून टाकावेत. हा नुसता टापटिपीचा भाग नाही: चुना आणि सिमेंट मातीचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप (पीएच), वाढवतात, आणि अशा मातीत लोह असूनही बॉटलब्रशला ते शोषता येत नाही.

भरण्यासाठी तिथलीच माती तीन भाग आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, एवढे मिश्रण करावे. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळली तर वाळवीला थोडा आळा बसतो. सगळी माती बाहेरून आणून नरम बिछाना करण्याचा मोह टाळावा, कारण मग मुळे त्या मऊ भागातच घोटाळतात आणि बाहेरच्या मुरमात शिरायचे नाव घेत नाहीत.

निचरा वाईट असेल, किंवा जमीन खारट असेल, तिथे जमिनीच्या वर उंचवटा करावा. पाच ते सहा फूट व्यासाचा, दीड फूट उंच आणि कडांना हळूहळू उतरता असा ढीग लाल माती, थोडी जाड वाळू आणि शेणखत मिसळून रचावा. त्याखालची मूळ जमीन आधी कुदळीने भुसभुशीत करून घ्यावी. हा ढीग रोप लावण्यापूर्वी एक-दोन पावसांनी बसू द्यावा. नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोली या भागांत तळमजल्याच्या बागा करणाऱ्यांनी प्रथमपासून याच पद्धतीचा विचार करावा, असे मी सांगेन.

लावणी

मुंबई परिसरात मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो. पहिल्या सरींना भुलून लगेच लावू नये. माती हातभर खोल भिजून थोडी उघडीप मिळाली आणि वाफसा आला, म्हणजे मूठभर माती दाबली असता गोळा होतो पण बोटांना चिखल लागत नाही, की लावणीची वेळ झाली असे समजावे. हे बहुधा जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या आरंभी जुळते. जिथे पाणी तुंबण्याची थोडीही शंका आहे तिथे मुसळधार पावसाचे आठवडे जाऊ द्यावेत आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात लावावे. पाऊस सरताना मिळणारा दीड महिनाही रोपाला रुजायला पुरतो.

आदल्या दिवशी रोपाला भरपूर पाणी द्यावे. लावताना पिशवी ब्लेडने दोन बाजूंनी उभी चिरून अलगद सोडवावी. रोप खोडाला धरून ओढू नये, कारण त्यात हुंडी फुटते आणि बारीक मुळे तुटतात. हुंडीच्या बाहेरून गोल फिरलेली मुळे असतील तर ती धारदार सुरीने तीन-चार ठिकाणी उभी कापून मोकळी करावीत. हुंडीचा वरचा भाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन इंच वर राहील अशा बेताने रोप ठेवावे, कारण भरलेली माती नंतर खाली बसते. खोडाचा तळ मातीत गाडला गेला तर तिथली साल सतत ओली राहून कुजते. माती थराथराने भरून हाताने दाबावी, पायाने तुडवू नये, आणि शेवटी एक बादली पाणी सावकाश सोडावे म्हणजे आतली पोकळी भरून निघते.

उन्हाळ्यात आपण झाडाभोवती खोलगट आळे करतो, पण पावसाळ्यात तेच आळे डबके होते. म्हणून लावणीच्या वेळी माती खोडापासून बाहेर उतरती ठेवावी आणि आळे ऑक्टोबरमध्ये पाऊस गेल्यावर करावे.

झुकणाऱ्या झाडाला आधी उभे करावे लागते

या झाडाच्या बाबतीत नवशिक्याला सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे. बॉटलब्रशचा शेंडासुद्धा झुकतो. त्याला मोकळे सोडले तर तीन फुटांवरच तो एका बाजूला वळतो आणि झाडाऐवजी जमिनीवर पसरलेले झुडूप तयार होते. फांद्या किती उंचीवरून लोंबणार हे पहिल्या तीन वर्षांत बांधलेल्या शेंड्यावर ठरते, आणि ती संधी पुन्हा मिळत नाही.

लावणीच्याच दिवशी हुंडीच्या बाहेर, पश्चिमेच्या बाजूला, आठ फुटी जाड बांबू दोन फूट खोल ठोकावा. पावसाळी वारे आपल्याकडे नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतात, त्यामुळे झाड बांबूवर आदळण्याऐवजी त्यापासून दूर ढकलले जाते. खोड आणि बांबू जुन्या सुती साडीच्या दोन इंची पट्टीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारून बांधावेत. सुतळी किंवा तार वापरू नये. ती वाढत्या खोडात रुतते. शेंडा जसजसा वाढेल तसतशी दर सहा-सात इंचांवर एक नवी सैल पट्टी बांधत जावे, आणि जुन्या पट्ट्या दर तीन महिन्यांनी सोडून पुन्हा सैल बांधाव्यात. शेंडा सहा फुटांच्या पुढे गेला की लांब बांबू जोडावा. मुख्य खोड सात ते आठ फुटांपर्यंत सरळ पोहोचले की पुढचा शेंडा सोडून द्यावा. तो आपोआप वळेल. तळाचे खोड मनगटाएवढे जाड झाले की बांबू काढून टाकावा, नाहीतर खोडाला आधाराची सवय लागून ते बारीकच राहते.

या काळात खालच्या बाजूच्या फांद्या लगेच साफ करू नयेत, कारण त्याच खोडाला जाडी देतात. शेंड्याशी स्पर्धा करणारा दुसरा उभा फुटवा मात्र दिसल्याबरोबर काढावा. खालच्या फांद्या दुसऱ्या वर्षापासून थोड्या थोड्या उतरवाव्यात, एका वेळी झाडाच्या एकूण फांद्यांपैकी पाव भागाहून अधिक नाही.

पाणी आणि खत

पहिल्या पावसाळ्यात पाणी देण्याची गरज सहसा पडत नाही. सलग चार-पाच दिवस कोरडे गेले तरच बोट मातीत दोन इंच घालून पाहावे. खरी जबाबदारी ऑक्टोबरच्या उकाड्यापासून सुरू होते. पहिल्या वर्षी ऑक्टोबर ते मे या काळात आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी १० ते १५ लिटर पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा २० ते २५ लिटर, आणि तिसऱ्या वर्षापासून फक्त मार्च ते मे महिन्यांत दहा-बारा दिवसांनी एकदा भरपूर, एवढे पुरते. रोज तांब्याभर पाणी घालण्याने मुळे वरवरच राहतात. पाणी खोडाशी न घालता फांद्यांच्या टोकांखाली घालावे. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी कुंड्यांना घालायची पद्धत आता बरीच पडली आहे, परंतु त्यात क्षार एकवटलेले असतात, म्हणून लहान रोपाला आणि विशेषतः खाडीलगतच्या जमिनीत ते देऊ नये. आळ्यावर वाळलेला पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या दोन-तीन इंच जाड पसराव्यात आणि खोडाभोवतीची चार बोटे जागा मोकळी सोडावी.

खताच्या बाबतीत हे झाड अल्पसंतुष्ट आहे. जूनच्या आरंभी एक घमेले शेणखत आणि ऑक्टोबरमध्ये अर्धे घमेले, एवढ्यावर ते वर्ष काढते. युरिया घालणाऱ्यांचे झाड हिरवेगार होते आणि फुलत नाही.

छाटणी

छाटणी समजण्यासाठी एक फूल जवळून पाहावे लागेल. बहर ओसरलेली एखादी फांदी हातात धरा. केसर गळून गेल्यावर दांडीभोवती करड्या मण्यांसारखी बारीक, कठीण फळे घट्ट बसलेली दिसतील, आणि त्या मण्यांच्या पुढे, अगदी टोकाला, गुलाबीसर कोवळ्या पानांचा नवा फुटवा निघालेला असेल. बॉटलब्रशची फांदी फुलापाशी संपत नाही. ती फुलातून आरपार जाऊन पुढे वाढते, आणि पुढचे फूल त्या नव्या टोकावर येते. जुन्या फांदीवर उलट दिशेने पाहत गेले तर मण्यांचा एक पट्टा, मग पाने, मग पुन्हा मण्यांचा पट्टा असे मागच्या बहरांचे हिशेब मोजता येतात.

यावरून दोन नियम निघतात. छाटणी बहर संपताच, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत करावी, आणि कात्री मण्यांच्या पट्ट्याच्या लगेच मागे चालवावी. तिथून दोन-तीन नवे फुटवे येतात आणि झाड दाट होते. ऑक्टोबरनंतर टोके कापली तर फेब्रुवारीचा बहरच कापला जातो. शिवाय पाने नसलेल्या जुन्या, जाड लाकडात खोल छाटले तर तिथून फूट येईलच असा भरवसा नसतो.

लोंबत्या फांद्यांची टोके समपातळीत कापणे ही या झाडाची सर्वांत मोठी हानी आहे. आमच्या सोसायटीत पावसाळ्यापूर्वीच्या सफाईसाठी आलेल्या कामगारांनी एका सकाळी माझ्या पाच वर्षांच्या झाडाला डोक्याच्या उंचीवर मेंदीच्या कुंपणासारखे भादरले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, ये-जा करणाऱ्यांच्या डोक्याला फांद्या लागतात अशी तक्रार होती. पण कापलेल्या प्रत्येक टोकातून तीन-चार आखूड, ताठ फुटवे वर आले आणि पुढची दोन वर्षे झाड मोरचेलाऐवजी केरसुणीसारखे दिसत राहिले. रस्ता मोकळा करायचा असेल तर फांदीचे टोक कापू नये. ती फांदी जिथून निघते त्या खोडापाशी जाऊन, सालीचा फुगीर कंगोरा राखून, संपूर्ण काढावी. एक फांदी पूर्ण गेली तर पोकळी दिसत नाही, कारण शेजारच्या फांद्या ती झाकतात.

पावसाळ्याच्या तोंडावर मुकुट आतून विरळ करणे मात्र आवश्यक आहे. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या बारीक फांद्या सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, काढल्या की वारा झाडातून आरपार जातो. या बारीक कामापलीकडे जाड फांद्या तोडायच्या असतील, किंवा झाड सार्वजनिक जागेत असेल, तर महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे आधी अर्ज करावा. नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा १९७५ चा कायदा सोसायटीच्या आवारातल्या झाडांनाही लागू होतो.

नेहमीच्या तक्रारी

नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे आणि राबिट पुरलेल्या जमिनीत ते हमखास दिसते. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला शोषता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी वेष्टनावरील प्रमाणानुसार केल्यास पाने सुधारतात, पण कायमचा उपाय म्हणजे शेणखत व पालापाचोळा सातत्याने घालून मातीचा पोत बदलणे. पाने तपकिरी होऊन माती ओलीच असेल तर पाणी बंद करावे आणि चर काढून साचलेल्या पाण्याला वाट द्यावी. माझी चूक तुम्ही करू नये.

फांद्यांवर मुंग्यांची रांग दिसली की तिच्या मागोमाग जावे. टोकाला बहुधा पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड सापडते. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारावा, आणि नंतर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व दोन-चार थेंब द्रवरूप साबण घालून संध्याकाळी फवारावे. बहर चालू असताना मात्र कोणतीच फवारणी करू नये, कारण तेव्हा झाडावर मधमाश्या असतात.

गच्चीवर लावायचे असल्यास अर्ध्या कापलेल्या मोठ्या ड्रमात हे झाड सात-आठ फुटांपर्यंत वाढवता येते, परंतु ओल्या मातीचे वजन आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग यांचा विचार आधी करावा, आणि ड्रम विटांवर उचलून ठेवावा.

त्याच झाडापासून नवी रोपे

बिया पाहिजेत म्हणून खाली पडलेली फळे शोधू नयेत. ती फांदीवरच वर्षानुवर्षे बंद राहतात. मण्यांची जुनी फांदी कापून कागदी पिशवीत उबदार जागी ठेवली की काही दिवसांत फळे उघडतात आणि तपकिरी भुकटीसारख्या बिया तळाशी जमतात. त्या ओल्या, बारीक वाळूवर नुसत्या भुरभुरवाव्यात, पुरू नयेत. मात्र अशी रोपे झुकतीलच असे नाही.

म्हणून छाट कलमच करावे. जुलै-ऑगस्टमध्ये, धड कोवळी नाही आणि धड जून नाही अशी, वाकवली तर तुटण्याआधी थोडी ताणणारी, चार ते सहा इंचांची फांदी घ्यावी. खालच्या अर्ध्या भागातली पाने काढून ती निम्मी वाळू व निम्मे कोकोपीट भरलेल्या पेल्यात खोचावी आणि वर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी उलटी घालून उजेडाच्या सावलीत ठेवावी. मुळे फुटायला दीड-दोन महिने लागतात आणि दहातली चार-पाच जगली तरी काम चांगले झाले म्हणावे. कलमासाठी कोणती फांदी घ्यायची हे मात्र पावसाळ्यात ठरवू नये. फेब्रुवारीत झाड फुलावर असताना, जे झाड सर्वांत सुंदर झुकले आहे आणि ज्याची फुले सर्वांत दाट आहेत, त्याच्या एका फांदीला रंगीत दोरा बांधून ठेवावा. जुलैत सगळीच झाडे सारखी हिरवी दिसतात.